गिटारभाऊंची लहर

नांदेड-लातूर पट्ट्यातल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक गिटारभाऊ असतातच. गायक बदलतात, निवेदिका बदलते, ढोलकीवाला दुसऱ्या पार्टीत पळतो. भाऊ मात्र जागेवर. दिवसा मोबाइलच्या दुकानात काचांवर प्लास्टिक चिकटवायचं आणि रात्री चमकीचा शर्ट घालून वरातीत, भीमजयंतीत नाहीतर देवीपुढं उभं राहायचं, हा त्यांचा दिनक्रम. मागच्या खिशात कंगवा नसतो, पेचकस असतो. गाण्याची पट्टी विसरतील, पेचकस विसरणार नाहीत.

गिटार हैदराबादहून सेकंडहँड आणलेली. लिओ फेंडर यांच्या कंपनीनं १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तिच्याच घडणीची. नाव तेवढं दुसऱ्याच कुणाचं. तारांखाली तीन पिकअप आणि प्रत्येकात तारेगणिक एक अशा सहा चुंबकी खुंट्या. चुंबक तारेच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा, एवढं शास्त्र भाऊंना कुणीतरी सांगितलं आणि तिथंच शिकवणी संपली. कीबोर्डवाल्यानं आवाज वाढवला, की भाऊ स्क्रू पिळतात. ढोलकीचा माईक पुढं सरकला, की आणखी अर्धा फेरा. नवरात्र उठेपर्यंत पिकअप तारेला टेकायच्या बेतात आलेला असतो.

मग सूर हलायला लागतो. मोकळी तार बरी वाजते, पण जाड तार बाराव्या पडद्याच्या पुढं दाबली, की सूर काही केल्या ठरत नाही. ट्यूनरचा काटा डावी-उजवीकडं झुलतो. गायक मागं वळून बघतो. आणि भाऊ, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, जनरेटरकडं बोट दाखवतात.

दोष द्यायला भाऊंकडं माणसं, यंत्रं आणि ऋतू कधीच कमी पडत नाहीत. नांदेडात कार्यक्रम असला तर गोदावरीकाठची दमट हवा. लातुरात असला तर कोरडी हवा. ‘‘ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तार सुरात राहील व्हय?’’ हा त्यांचा बिनतोड सवाल. दोन्हीकडची हवा निर्दोष निघाली, तर अहमदपूर-चाकूरच्या वाटेवर टेम्पोनं खाल्लेले गचके आहेतच.

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि भाऊंची गिटार हलतेय म्हटल्यावर सोळाही रस्त्यांनी सल्ले येतात. कुणी म्हणतं तारा बदला. भाऊ बदलतात आणि सुपारीतला आपला वाटा त्यातच घालवतात. कुणी म्हणतं तो पायाखालचा डबा बंद करा, त्यातच लहर असते. डबा बंद होतो, लहर चालूच. साऊंडवाला ‘‘अर्थिंग न्हाई बगा भाऊ’’ म्हणतो, कारण त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही. एक पोरगं विचारतं, ‘‘भाऊ, स्क्रू लई वर घेतलाव का?’’ त्याला चहा आणायला पाठवण्यात येतं.

खरं तर वायर काढून नुसत्या लाकडाला कान लावला असता, तरी निकाल लागला असता. सूर तिथंही हलतोच. म्हणजे जनरेटर, साऊंडवाला आणि अर्थिंग, तिघंही सुटले. उन्हाचंही तसंच. उन्हानं तार उतरते, पण उतरून गप बसते, अशी झुलत नाही. पण वायर काढायची म्हणजे आवाज बंद करायचा, आणि भाऊ तेवढं सोडून वाट्टेल ते करायला तयार असतात.

अखेर सुटका होते ती नांदेडात, पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या हातून. अशा माणसाला गिटारमधलं काही कळत नाही, पण पेटीत एकाच स्वराच्या दोन पट्ट्या जुळवण्यात त्याची हयात गेलेली असते. दोन पट्ट्यांत केसभर फरक राहिला, की आवाज लहरतो. ती लहर मरेपर्यंत पितळ खरवडत बसायचं. चाचा एकदाच तार छेडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘‘एकीच तार में दो सुर बोलरे, बेटा. मग्नेट नीचे लेव.’’

चाचांना निदानाला लागलेला वेळ आणि भाऊंचा नवरात्रापासूनचा तपास यांची तुलना न केलेली बरी. तार वर-खालीही थरथरते आणि आडवीही. खालून चुंबक ओढायला लागलं, की या दोन थरथरींचा वेग सारखा राहत नाही. जाड तार बाराव्या पडद्यावर सेकंदाला साधारण १६५ वेळा थरथरते; तीच दुसऱ्या दिशेनं १६८ वेळा थरथरली, तर सेकंदाला तीन लहरी ऐकू येणारच. गळ्याजवळच्या पिकअपचा जाच जास्त, कारण तार तिथं मोठा झोका घेते. जगभरचे गिटारवाले या दुखण्याला ‘स्ट्रॅटायटिस’ म्हणतात. चुंबकाचं पुढाऱ्यासारखं आहे: दोन हात लांब ठेवलं तर कामाला येतं, फार जवळ केलं तर आपल्याच सुरात आपल्याला राहू देत नाही.

उपाय फुकटचा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि जाड तारेखाली अडीच, बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास फट राहील इतका पिकअप खाली घ्यायचा. आवाज थोडा घटतो, तो अॅम्पवर वाढवता येतो. भाऊ जड मनानं स्क्रू उलटे फिरवतात. सूर ठरतो. चाचांचे पैसे द्यायचे राहतात.

इथवर भाऊ रुग्ण होते. इथून पुढं ते डॉक्टर. आता कुठल्याही मांडवात कुठलंही वाद्य कुरकुरलं, की भाऊ पेचकस उपसून हजर. बेंजोवाल्याला सांगतात, पिकअप खाली घे. बेसवाल्याला सांगतात, खाली घे. परवा लातुरात ऐन रंगात कीबोर्डचा सूर गेला. भाऊंनी जाऊन विचारलं, ‘‘पिकअप कुटंय तुजा?’’

‘‘भाऊ, कीबोर्डला पिकअप नसतोय.’’

भाऊंनी मान डोलावली, पेचकस खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘तरीच!’’