बिलाच्या पाठीवरचं कलम

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला आणि १ मार्चला मर्स्क, एमएससी, सीएमए सीजीएम या तीन बड्या जहाज कंपन्यांनी रशियाचं बुकिंग बंद केलं. मर्स्कने पुढे तिथल्या बंदरांतला हिस्साही विकला. हल्लेखोराच्या व्यापारातून अंग काढून घेतलं, हे योग्यच केलं. माझा सवाल वेगळा आहे. बाहेर पडण्याचा खर्च कुणाच्या माथी बसतो?

मार्च म्हणजे न्हावा शेव्यात नाशिकच्या द्राक्षांचा ऐन हंगाम आणि रशिया हे मोठं गिऱ्हाईक. अन्न आणि औषधांना सूट आहे, असं कंपन्यांनी जाहीर केलं होतं. पण ही सूट कागदावरची. युरोपच्या बंदरांत रशियाकडे जाणारा माल कस्टम्सने तपासणीसाठी अडवला. त्याच महिन्यात सात रशियन बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून बाहेर काढल्या गेल्या, म्हणजे माल पोहोचला तरी पैसे यायची वाट अडली. द्राक्षं रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. कंटेनर अडला तरी प्लग काढता येत नाही, आणि विजेचं, जागेचं, डिटेंशनचं (कंटेनर मुदतीपलीकडे अडकल्याच्या आकाराचं) मीटर दिवसागणिक पळतं.

हे मीटर कुणाच्या नावावर पळतं ते बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालपावती, उलटवून पाहा. पुढच्या बाजूला कंटेनर नंबर, सील नंबर, जहाजाचं नाव, उतरायचं बंदर. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. बहुतेक कंपन्यांच्या अटींत एक कलम असतंच: युद्धासारखं कारण आलं तर कंपनी माल सोयीच्या बंदरात उतरवू शकते, तिथेच वाहतूक पूर्ण झाली असं धरू शकते, आणि वरचा खर्च मालवाल्याने द्यायचा. पिंपळगावचा छोटा निर्यातदार यावर काय घासाघीस करणार? सही कर नाहीतर माल ठेव घरी!

डिसेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे याच कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडला. युरोपला जाणारी द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून निघाली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडं चढलं, वर अधिभार. खलाशांचे जीव वाचवायलाच हवेत, त्यात दुमत नाही. बिल मात्र पुन्हा बागायतदाराच्या दराला कात्री लावूनच वसूल झालं.

हे बदलता येतं. १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा आणि १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा, दोन्ही २०२५ मध्ये नव्याने केले गेले. मजकूर बहुतांशी जुनाच, भाषा सोपी. पण सागरी मालवाहतुकीच्या नव्या कायद्याने केंद्राला निर्देश काढण्याचा आणि अनुसूचीतले नियम बदलण्याचा अधिकार दिला आहे. मग तो वापरा. कंपनीने स्वतःहून मार्ग किंवा बाजार सोडला, तर त्या दिवसापासून डिटेंशन बंद. नाशवंत माल परत आणायचा खर्च निम्मा तरी कंपनीचा. आगाऊ घेतलेलं भाडं ठरल्या मुदतीत परत. कंपन्या कुरकुरतील, पण न्हावा शेवा सोडून जाणार नाहीत. मर्स्क समूहाचं तर इथे स्वतःचं टर्मिनल आहे. पुढचा द्राक्ष हंगाम जानेवारीत सुरू होतो. निर्देश त्याआधी निघाला पाहिजे.