दशभुजेला रंग किती लागतो?

कोलकात्याच्या खालोखाल दुर्गोत्सव कुठला, हे यवतमाळात विचारायचं नसतं. उत्तर तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. दहा फुटी दशभुजा देवी, शेजारी सिंह, पायाशी रेडा आणि रेड्याच्या मानेतून कमरेपर्यंत बाहेर आलेला महिषासुर, एवढ्या ऐवजाला रंग किती लागेल? मूर्तिकाराला विचारावं तर "लावल्यावर समजते न भाऊ" एवढंच ऐकायला मिळतं. मंडळाच्या खजिनदाराचं त्यावर भागत नाही. त्याला आकडा हवा असतो, आणि तोही सोयाबीनचे पैसे लोकांच्या हाती येऊन वर्गणी सुरू व्हायच्या आत. अशा जबाबदार पदाधिकाऱ्यांसाठी पुढची रीत सविस्तर दिली आहे.

पहिली पायरी: देवीला घटकाभर माणूस मानावं. यात अनादर नाही, सोय आहे. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ डॉक्टरांनी केव्हाच मोजून ठेवलं आहे. १९१६ साली अमेरिकेत ड्यू बॉय नावाच्या दोघा संशोधकांनी माणसांच्या अंगावर कागद चिकटवून साचे काढले, ते कापून सपाट पसरले आणि त्यावरून सूत्र बसवलं. पुढे १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी सुटसुटीत सूत्र दिलं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. पाच फूट म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या, ५० किलो वजनाच्या बाईला हे लावलं की सुमारे १.४५ चौरस मीटर येतात. चौरस फुटांत साडेपंधराच्या किंचित वर.

मूर्ती दहा फुटी, म्हणजे उंची दुप्पट. इथे खजिनदार रंगही दुप्पट धरतो आणि अर्ध्या कामातच डबा खडखडतो. उंची दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, पृष्ठभाग चौपट होतो. तेव्हा ६२ चौरस फूट.

पण ही झाली दोन हातांची बाई. उरलेल्या आठ हातांसाठी जळीत रुग्णांच्या वॉर्डात जावं लागतं. तिथे किती टक्के भाजलं हे झटकन सांगण्यासाठी नऊचा नियम वापरतात. ॲलेक्झांडर वॉलेस या शल्यविशारदाने तो १९५१ साली प्रसिद्ध केला. डोकं ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धड पुढून १८ आणि मागून १८, उरलेला एक टक्का जांघेचा. दशभुजेला आठ हात जास्त, म्हणजे ७२ टक्के जास्त. देवी १७२ टक्के भरते: १०७ चौरस फूट. मंडळ अष्टभुजेवर थांबणार असेल तर १५४ टक्के. हा निर्णय बैठकीत आधीच घ्यावा, कारण ऐनवेळी एक हात वाढवला तर साडेपाच चौरस फूट वाढतात. शस्त्रांचा हिशेब वेगळा.

महिषासुराला हाच नियम उलटा लावावा. त्याचे पाय रेड्यात आहेत, सबब ३६ टक्के वजा. पुरा उभा राहिला असता तर पाच फूट भरला असता, असं धरलं तर तो दहा चौरस फुटांत आटोपतो. देवीने एवढं तरी काम हलकं करून ठेवलं आहे.

सिंहासाठी डॉक्टर उपयोगाचे नाहीत. तिथे भास्कराचार्यांना गाठावं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त ते गोलाचं पृष्ठफळ सांगतात: वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट, चेंडूभोवती विणलेल्या जाळीसारखं. मंडपात याचा अर्थ फार सोपा होतो. आयाळीसकट डोक्याभोवती सुतळी फिरवावी, तिची लांबी व्यासाने गुणावी. दोन फूट व्यासाचं डोकं साडेबारा चौरस फूट देतं. धड म्हणजे आडवा दंडगोल, परीघ गुणिले लांबी: दीड फूट जाडी आणि चार फूट लांबी धरली तर १९. चारही पाय मिळून आणखी साडेबारा. सिंह ४४ चौरस फुटांवर बसवावा. रेडा बसलेला असतो, त्याचं पोट कुणाला दिसत नाही. त्याला २० पुरे.

आता साडी. खरी गुंतागुंत इथे आहे, आणि पहिला प्रश्न असा: साडी कापडाची की मातीची? कापडाची नेसवणार असाल तर तिच्याखालचं सगळं अंग रंगातून वगळावं. मातीची असेल तर निऱ्या मोजाव्यात. निरीच्या दोन बाजूंमध्ये टोकाशी ६० अंशांचा कोन असेल तर पृष्ठभाग सरळ दुप्पट होतो. ९० अंशांचा असेल तर सुमारे १.४१ पट. देवीच्या पायांचे ३६ टक्के म्हणजे साडेबावीस चौरस फूट. निऱ्या टोकदार पाडणारा हौशी मूर्तिकार मिळाला की तेच ४५ होतात. उलट, देवीची पाठ मंडपाच्या पडद्याकडे असते. पाठीचे १८ टक्के, म्हणजे ११ चौरस फूट, बिनदिक्कत गाळावेत. भक्त मागे जात नाहीत. गेलेच तर ते कार्यकर्ते असतात.

मंडळात एखादा इंजिनीअर असतोच. तो म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलने मूर्तीभोवती फिरून फोटो घेऊ, संगणक त्रिकोणांची जाळी करून क्षेत्रफळ सांगेल. सांगतोही. मात्र स्कॅनमधला प्रत्येक खडबडीतपणा तो कातडी म्हणून धरतो. हेर्मान श्वार्झ या जर्मन गणितज्ञाने १८८० च्या सुमारास दाखवून दिलं, की साध्या गुळगुळीत दंडगोलावरसुद्धा त्रिकोण विशिष्ट पद्धतीने बसवत गेलं, तर त्रिकोण बारीक होत जातात आणि बेरीज मात्र वाटेल तेवढी फुगते. दंडगोल म्हणजे इथे देवीचा हात. असे दहा आहेत. इंजिनीअरला सांगावं की ब्रशच्या रुंदीपेक्षा बारीक खाचखळगे मोजू नकोस. जिथे ब्रश शिरत नाही तिथलं क्षेत्रफळ मंडळाच्या उपयोगाचं नाही.

बेरीज: १०७ अधिक साडीचे साडेबावीस, उणे पाठीचे ११, अधिक असुर, सिंह, रेडा मिळून ७४. एकूण सुमारे १९२ चौरस फूट, म्हणजे १८ चौरस मीटर. रंगाचा ओला थर १०० मायक्रॉन जाडीचा दिला तर एका लिटरमध्ये १० चौरस मीटर होतात. एका हाताला १.८ लिटर, दोन हातांना ३.६. रंगाच्या डब्यावर छापलेला चौरस फुटांचा आकडा सपाट भिंतीसाठी असतो, तो मनावर घेऊ नये. वाळलेली माती पहिला हात पिऊन टाकते.

खात्री करून घ्यायची असेल तर देवीचा एकच हात रंगवावा. आधी आणि नंतर डबा वजनकाट्यावर ठेवावा, फरकाला १९ ने गुणावं. पाठ आणि निऱ्यांचा हिशेब सोडला तर देवीचं एकूण तिथेच मिळतं. हा आकडा आणि वरचा आकडा जुळला नाही, तर वजनकाट्याचं ऐकावं.

एवढं झाल्यावर चार लिटरचा डबा आणावा, कारण ३.६ लिटरचा मिळत नाही. आणि मग मूर्तिकार समजावून सांगतो, की हा सगळा हिशेब फक्त खालच्या पांढऱ्या अस्तराचा झाला. देवीची कांती वेगळी, साडी वेगळी, असुर वेगळा, सिंह वेगळा. दहा हात आणि चेहरा, म्हणजे ९९ टक्के, धरले तर नुसत्या कांतीला एका हातात पाऊण लिटरच्या आत रंग पुरतो. बाकीच्यांसाठी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी. डोळ्यांच्या आखणीला चमचाभरही रंग लागत नाही, पण मजुरीचा आकडा काढताना तिथे चौरस फूट लावू नयेत. उरलेलं ४०० मिलिलिटर अस्तर नाल्यात ओतू नये. वर्गणीच्या पेटीला लावावं आणि जमाखर्चात 'किरकोळ' या सदरात दाखवावं.