दाजी, सूर्य आला!

महाराष्ट्राच्या वाट्याला सातशे किलोमीटरहून जास्त समुद्रकिनारा आला, पण सगळा पश्चिमेला. त्यामुळे आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडताना हवा तितका बघायला मिळतो. वर येताना मात्र तो कुणाच्या तरी उसातून, टेकाडाआडून, नाहीतर पाण्याच्या टाकीमागून येतो. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड बंदराकडे आहे, तिथे तो पाण्यावर उगवतो हे कबूल. पण तिथल्या फोटोखाली ‘खेड्यातली सकाळ’ अशी ओळ लिहिता येत नाही, आणि आमच्या दाजींना नेमकी तीच लिहायची असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झाले आणि निरोप समारंभात मिळालेल्या पाकिटात स्वतःच्या पदरचे बरेच घालून त्यांनी कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याबरोबर दोन लेन्सा आल्या, फिल्टरची डबी आली, सिलिका जेलच्या पुड्या आल्या आणि ट्रायपॉड आला. ट्रायपॉड उचलायला मी आलो. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय आपल्या संस्कृतीत नाही, आणि ताईलाही पहाटे चार वाजता घरात उजेड करून मोजे शोधणारा माणूस कुणाच्या तरी ताब्यात द्यायचाच होता.

दाजींचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यापासून जवळच. त्यांच्या आई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, अजून तिथल्या जुन्या घरात राहतात. मार्चच्या उत्तरार्धात एका सकाळी दाजी दात घासत गच्चीवर गेले आणि तोंडात फेस असतानाच ओरडले. समोर भैरोबाच्या देवळाच्या शिखरावर, कळसाला अगदी टेकून, सूर्य बसला होता. कॅमेरा खाली होता. दाजी खाली जाऊन वर येईपर्यंत सूर्य हातभर वर चढला होता.

“हरकत नाही,” दाजी म्हणाले, “उद्या काढू.”

दुसऱ्या दिवशी सूर्य कळसाच्या डाव्या अंगाला सरकलेला. याचं कारण दाजींनी मला त्याच गच्चीवर सांगितलं. मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमाराला सूर्य दर सकाळी स्वतःच्या रुंदीच्या पाऊणपट तरी उत्तरेला सरकून उगवतो. त्यावर तोड म्हणजे आपण तेवढं उजवीकडे सरकायचं. मग रोज आमचा ट्रायपॉड दीड-दोन पावलं उजवीकडे जाऊ लागला. आठवडा व्हायच्या आत उजवीकडची गच्ची संपली. पुढे शेजारच्या नानांच्या गोठ्याचे पत्रे होते.

एवढं करून चैत्रातली हवा धुळीनं भरलेली. सूर्य क्षितिजावर दिसायचाच नाही. बराच वर आल्यावर धुरळ्यातून उमटायचा तो तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा, कडा काळपट आणि मध्ये फुगवटा. खाली नाना म्हशींना वैरण टाकत होते. दाजींनी त्यांना वरूनच माहिती दिली, “नाना, हा जो क्षितिजावर टेकलेला दिसतो ना, तो खरा सूर्य नाहीच! खरा अजून खाली असतो. वातावरणात प्रकाश वाकतो, म्हणून आपल्याला आधीच दिसतो.”

नानांनी वर पाहिलं. “मग थांबा की तात्या, खरा येईस्तवर. घाई काय हाय?”

दाजींनी त्यानंतर सूर्य कुठल्या दिवशी कुठे उगवेल हे दाखवणारं एक ॲप विकत घेतलं. त्यातून कळलं की आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५-२५ अंश फिरतो. २१ जूनच्या सुमाराला उत्तरेचं टोक, २२ डिसेंबरच्या सुमाराला दक्षिणेचं. आमच्या गच्चीवरून या हिशेबानं मार्चला देऊळ, जूनला मोबाइलचा टॉवर आणि डिसेंबरला पाण्याची टाकी. गावातल्या सगळ्या सार्वजनिक कामांची पाहणी झाल्याखेरीज सूर्याचं वर्ष पुरं होत नाही. दाजींनी हे सगळं रात्री जेवताना आक्कांना मोबाइलवर दाखवलं.

“एवढ्यासाठी पैकं दिलं व्हय?” आक्का म्हणाल्या. “पौषात त्यो चुलीवर येतो, जेष्ठात देवावर. तुजा आजा सांगायचा.”

तपासलं तर खरंच. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला. दाजींनी मोबाइल खिशात घातला आणि भाकरी मागितली.

मे महिन्यात आम्ही पळसदेवला गेलो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, काठची गावं उठून वर गेली आणि पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ पाण्याखाली राहिलं. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की ते देऊळ वर येतं. त्या वर्षी ते आलं होतं. मेअखेरीस सूर्य सहाच्या आतच हजर होतो, म्हणून आम्ही चारला निघालो. आक्का आमच्या आधी उठलेल्या होत्याच. गोठा झाडून, दूध काढून, चहा टाकून त्या आमच्या उठण्याची वाट बघत होत्या. त्यांना उठायला गजर लागत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही, हे दाजींना फार लागतं.

भेगाळलेल्या गाळातून चालत देवळाशी पोचलो तर तिथे आमच्या आधी लग्न पोचलेलं. म्हणजे लग्नाआधीचं ते प्री-वेडिंग. नवरी मुलगी लालभडक गाऊनमध्ये, गाऊनची शेपूट नानांच्या गोठ्यापासून देवळापर्यंत जाईल एवढी. एक पोरगा ती शेपूट हवेत उडवून चित्रातून बाहेर पळायचा, आणि पळताना दर वेळी गाळात रुतायचा. नवरा मुलगा पांढऱ्या बुटांत, एका जागी, कारण हललं तर बूट गेले. वर ड्रोन घोंघावत होता. शेकडो वर्षं जुन्या देवळाला चाळीस वर्षं पाण्याखाली काढल्यावर हे बघायला लागावं, हे मला जरा जास्तच वाटलं.

“काका,” त्यांचा फोटोग्राफर ओरडला, “फ्रेममधून जरा बाजूला व्हा ना!”

दाजींना काका म्हटलेलं चालतं. फ्रेममधून बाजूला व्हा म्हटलेलं चालत नाही. त्यांनी तिथेच ट्रायपॉड उघडला. पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी ‘लाइट चाललाय’ असं एकमेकांना ऐकवण्यात गेली, आणि लाइट खरोखरच चालला होता. फोटोग्राफीच्या विलायती पुस्तकांत सोनेरी तास लिहिलेला असतो, कारण तिकडे सूर्य तिरपा तिरपा, रमतगमत चढतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ वर जातो, त्यामुळे तासाचा अर्धा तासही पुरा मिळत नाही. साडेसहाला ऊन डोक्यात जायला लागलं. परतताना नवरा मुलगा एका हातात बूट घेऊन अनवाणी चालत होता. दाजींनी त्याचा तेवढा एक फोटो काढला. तो मात्र चांगला आला आहे.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरावरून जाते. तिथे गोल रिंगण होतं, अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. दाजींना मात्र रिंगण नको होतं. त्यांना पहाटेच्या निळ्या उजेडात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली म्हातारी आणि तिच्यामागे उगवता सूर्य हवा होता. यातली म्हातारी मिळाली. निळा उजेडही होता. सूर्याच्या जागी ढग. पण वारकरी आमच्या कितीतरी आधी उठून, टँकरच्या पाण्यानं अंघोळ उरकून, गंध लावून चालू लागले होते. दाजी रस्त्याच्या कडेला एका गुडघ्यावर बसून नेम धरत असताना ती म्हातारी त्यांच्यासमोर थांबली.

“माऊली, बसलायसा तर एवढं धरा. पदर खोचते.”

दाजींनी कॅमेरा गळ्यात टाकून वृंदावन दोन्ही हातांनी धरलं. तिने पदर खोचला, चप्पल झाडली, मागून येणाऱ्या कुणाला तरी हाक मारली, तिच्याशी सुनेबद्दल चार वाक्यं बोलली, मग वृंदावन परत घेतलं आणि गेली. त्या अवस्थेतला दाजींचा फोटो मी माझ्या साध्या मोबाइलवर काढला. ताईने तो घरात लावला आहे. दाजींनी काढलेला एकही फोटो अजून भिंतीवर नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीत सूर्योदय टिपायला जाणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून रात्री बॅटऱ्या घेऊन लोक चढतात, लोखंडी शिड्यांवर रांग लावतात आणि वर पोचून पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. समोर पांढरं. मागे पांढरं. सहा वाजता ते जरा जास्त पांढरं होतं, त्याला सूर्योदय म्हणतात. श्रावणात कासलाही गेलो. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे सीतेची आसवं नावाची जांभळी-निळी नाजूक फुलं दव लेऊन उभी असतात. दिसायला हळवी, पण वनस्पती किडे खाणारी. तिच्यासमोर वाकून वाकून दाजींची कंबर धरली. ती धरलेली कंबर घेऊन आम्ही भादव्यात पुन्हा गावी आलो, कारण ॲप म्हणत होतं की २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य पुन्हा भैरोबाच्या शिखरावर येणार.

सूर्य एका जागी वर्षातून दोनदा येतो ही निसर्गाने दिलेली मोठी सवलत आहे. पण मार्चात धूळ आणि सप्टेंबरात ढग, अशी ती सवलत आपल्या भागात लागू होते. त्या दिवशी मात्र नवल झालं. रात्री पाऊस पडून गेला आणि पहाटे आभाळ पूर्वेला धुतल्यागत मोकळं. दाजी गच्चीवर, मी ट्रायपॉडच्या पायापाशी, नाना खाली चूळ भरताना थांबलेले. तांबडं फुटलं, उजेड वाढला, आणि त्या उजेडात आम्हाला दिसलं की चौकात रातोरात एक फ्लेक्स उभा राहिला आहे. देवळाच्या कळसाचं टोक तेवढं वर, बाकी सगळं देऊळ फ्लेक्समागे. ‘नवरात्रोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली शुभेच्छुक म्हणून तीस-चाळीस चेहरे, आणि मध्यभागी हात जोडलेले भावी सरपंच, कळसाच्या अगदी नाकासमोर.

“दाजी, सूर्य आला!” मी म्हणालो.

आला तो थेट भावी सरपंचांच्या डोक्यामागून. लाल, गोल, धारदार, वर्षभरात पाहिला नव्हता असा. दाजींच्या हाताला सवयच एवढी लागली होती की त्यांनी बटण दाबलं. तो फोटो नानांनी पाहिला, नानांच्या पुतण्यानं मागून घेतला, आणि दुपारपर्यंत तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर तो ‘उगवतं नेतृत्व’ या नावानं फिरत होता. संध्याकाळी भावी सरपंच स्वतः पेढे घेऊन आले. “तात्या, दिवाळीचा बी तुम्हीच काढायचा,” म्हणाले. दाजींनी त्यांना तासभर समजावून सांगितलं की दिवाळीत सूर्य तिथे नसतो, पाण्याच्या टाकीच्या वाटेला लागलेला असतो. त्यावर पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, “मग फ्लेक्स टाकीपाशी लावू का?”

हिवाळ्यात आमची मजल भिगवणला. उजनीच्या फुगवट्याचं उथळ पाणी, आणि त्यात रोहित पक्षी उभे. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो. चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून ते खात असतात, त्यामुळे शंभर पक्ष्यांच्या फोटोत डोकी चार. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब वेगळे. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागून तासभर रांगत गेलो, मग धुक्यातून होडीत बसलो. दाजी पूर्वेला लेन्स लावून बसले, नाववाला काठी टेकून त्यांच्याकडे बघत बसला.

“साहेब, पाखरं त्या अंगाला हायती.”

“मला सूर्य हवाय.”

“त्यो कुठं पळतोय? पाखरं मातुर उडत्याल.”

ती उडालीच. शेजारच्या होडीतून एका कुटुंबानं कुरवांना गाठ्या फेकायला सुरुवात केली, पांढऱ्या पंखांचा कल्लोळ उठला आणि रोहितांची सगळी रांग लांब निघून गेली. दाजींच्या फोटोत धुक्यातला फिका सूर्य आहे आणि एक गाठ्या हवेत.

तुम्हाला जायचंच असेल तर जानेवारीचा मध्य धरा. सर्वांत लहान दिवस डिसेंबरातला, पण सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या सुमाराला, पुण्याकडे सात वाजून गेल्यावर. मेच्या मानानं तासभर झोप जास्त मिळते. नाववाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि तो बोट दाखवेल तिकडे बघा. आणि कुरवांना गाठ्या घालू नका. त्या तळलेल्या असतात, पाखरांना सोसत नाहीत. चहाबरोबर आपणच खाव्यात.