सोडोबा

आमच्या सोडोबांचा राजीनामा यंदा बारा वर्षांचा झाला. पोरगा असता तर सातवीत गेला असता आणि बापाला उलटून बोलायला लागला असता. राजीनामा मात्र गुणी निघाला. कॉम्प्युटरमधल्या ‘पर्सनल’ नावाच्या फोल्डरात मुकाट पडून असतो आणि दर एप्रिलात बाहेर काढला की निमूटपणे तारीख बदलून घेतो.

सोडोबा हे नाव अर्थातच बारशाचं नव्हे. ‘बास, आता सोडतो’ हे वाक्य कँटीनमध्ये पहिल्या चहाला एकदा आणि दुसऱ्या चहाला एकदा, असं नेमाने म्हटल्यामुळे पोरांनी ते बहाल केलं. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणतात. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत ते २००८ साली लागले, पण हा इसम केवळ आमचा नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, नाशिकच्या अंबडला, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावला, कुठेही जा. टेबलावर काच, काचेखाली बालाजीचा फोटो, ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या गोळ्या आणि ओठांवर ‘सोडतो’, एवढ्या खुणांवर ओळखता येईल.

पगार का वाढत नाही, याची कारणं त्यांना बखरीसारखी पाठ आहेत. २०१६ ला नोटबंदी. २०१७ ला जीएसटी. २०१९ ला गाड्याच खपेनात. २०२० ला तर पगार येतोय हेच इन्क्रिमेंट. २०२१ ला गाड्यांना मागणी आली तर चिप मिळेना. (आमच्या पार्टचा आणि चिपचा संबंध इतकाच, की दोन्ही एकाच गाडीत बसतात.) २०२२ ला युक्रेन. पुढे इलेक्ट्रिक गाड्या येणार म्हणून, आणि मग त्या म्हणाव्या तशा येत नाहीत म्हणून. २०२५ ला ट्रम्पसाहेबांचं टॅरिफ. आमचा माल चाकणच्या पुढे जात नाही, पण टॅरिफ तेवढं भोसरीपर्यंत बरोबर आलं. मधे २०१८ ला अडीच टक्के वाढ झाली होती. त्याच महिन्यात कँटीनचं कूपन महागलं, त्यामुळे ती वाढ सोडोबांनी जेवणात खाल्ली असं धरायला हरकत नाही.

आता यातली खरी गंमत सांगतो. सोडोबा परचेसला आहेत. म्हणजे भाव करणं हाच त्यांचा धंदा. पन्नास पैशांसाठी व्हेंडरला अडीच तास बसवून ठेवणारा माणूस. एकदा ब्राइट बार पुरवणारा व्हेंडर आला. म्हणाला, “साहेब, स्टील वाढलं, लाइटबिल वाढलं, पोरं जुन्या पगारात थांबत नाहीत. किलोमागे दीड रुपया वाढवा.”

सोडोबा खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “मार्केट डाऊन आहे. जरा कळ काढा. आपण एक फॅमिली आहोत.”

हे वाक्य मी आदल्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तेव्हा ते ऐकून सोडोबांच्या कानशिलांवरची शीर उडत होती. व्हेंडर मात्र फॅमिलीतला नव्हता. “सोमवारपासून गाडी येणार नाही,” म्हणाला आणि चहा न पिता गेला. बुधवारी सोडोबांनी स्वतःच्या हाताने नोट तयार केली: ‘इनपुट कॉस्ट वाढल्यामुळे रेट रिव्हिजन अत्यावश्यक.’ साहेबांनी दुपारपर्यंत सही केली. नव्वद पैसे वाढले.

“हीच नोट स्वतःच्या नावाने द्या की,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तो माल थांबवू शकतो. मी काय थांबवू?”

प्रश्न त्यांच्या मनात राहिला असावा, कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी न सांगता रजा टाकली. आपल्यावाचून काय काय अडतं ते एकदा बघायचंच. दुपारपर्यंत कुणाचाही फोन गेला नाही. अडीच वाजता त्यांचाच आला: “काय रे, काही अडलंय का?” नाही म्हटल्यावर ते इतके घाबरले, की दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं आधी हजर.

सोडावं की नाही याचा हिशेब त्यांनी केलेला नाही असं मात्र कुणी समजू नये. एक्सेलची फाइल आहे, तिला पासवर्डही आहे. बेसिक १९,०००. ग्रॅच्युइटी म्हणजे भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणजे वर्षाला १०,९६१ रुपये, अठरा वर्षांचे साधारण १ लाख ९७ हजार. “सोडलं की हे चाक थांबतं. नव्या जागी पहिली पाच वर्षं भरेपर्यंत पुन्हा शून्य,” ते सांगतात. परवा त्यांच्या बीकॉम झालेल्या पुतण्याने शांतपणे विचारलं, “काका, साठलेले पैसे सोडल्यावरही मिळतातच ना? आणि नवी कंपनी महिन्याला आठ हजार जास्त देते, म्हणजे वर्षाला ९६ हजार. अकरा हजारांसाठी तुम्ही ९६ हजार सोडताय?” हिशेबात चूक नव्हती. म्हणून सोडोबांनी पुतण्याच्या केसांचा विषय काढला आणि न्हाव्याकडे जायला सांगितलं.

त्यांना जास्त धीर येतो तो पीएफच्या गोष्टीने. पीएफची पगारमर्यादा २०१४ साली ६,५०० ची १५,००० झाली आणि मग वर्षानुवर्षं तिथेच बसली. “सरकारचासुद्धा आकडा हलत नाही, मग आपला साहेब कोण लागून गेला?” असं ते म्हणतात, आणि चेहऱ्यावर समाधान पसरतं. ते टिकत नाही, कारण त्यांचे साडू जिल्हा परिषदेत आहेत. साडूंचा महागाई भत्ता जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा वाढतो, आणि दोन्ही वेळा फॅमिली ग्रुपवर पेढ्याचं चित्र येतं. जीआर उशिरा निघाला तर थकबाकीसह येतं, म्हणजे पेढे जास्त. सोडोबा खाली जोडलेले हात टाकतात आणि त्या रात्री घरात भाजी अळणी असल्याचा शोध लागतो.

वहिनींची भूमिका स्वच्छ आहे. “अहो, सोडायचं तर सोडा, नाहीतर नका सोडू. पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना मला विचारू नका.”

इंटरव्ह्यूही झाले आहेत. चाकणच्या एका कंपनीने बोलावलं होतं, तेव्हा ‘मामा वारले’ म्हणून रजा घेतली. (या मामांना सोडोबांच्या नोकरीपायी तीनदा जावं लागलं आहे.) समोर तिशीच्या आतला मॅनेजर. त्याने एवढंच विचारलं, “अठरा वर्षं एकाच ठिकाणी? का बरं?” झालं. सोडोबांना तो सवाल जिव्हारी लागला. कंपनीची शिस्त, कधी एक तारीख न चुकलेला पगार, लॉकडाऊनमध्ये एकालाही काढलं नाही ते, स्टोअरची मांडणी, शेठनी पहिल्या लेथपासून कसं उभं केलं ते. पाऊण तास बोलत होते. शेवटी तो मॅनेजर खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाला, “सर, तुमच्याकडे प्लॅनिंगला जागा आहे का?” सोडोबांनी त्याचा रेझ्युमे आणला. त्यांच्या मते इंटरव्ह्यू चांगला झाला.

तरीही एका एप्रिलात ते खरोखरच पाकीट घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आम्ही सगळे काचेतून पाहत होतो. आत पाणी गेलं, मग चहा गेला, मग बिस्किटं गेली. बिस्किटं गेली तेव्हाच मी आशा सोडली. वीस मिनिटांनी सोडोबा बाहेर आले ते डेप्युटी मॅनेजर होऊन. पगार तोच, काम स्टोअरचंही, आणि नव्या व्हिजिटिंग कार्डांचा शंभराचा गठ्ठा. पाकीट? ते खिशात परत आलं होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर साहेबांनी स्टोअरच्या नव्या रॅकचं स्केच काढून दिलं होतं.

मला विचाराल तर सोडोबांना पगारवाढ कधीचीच मिळाली आहे, फक्त ती बँकेत जमा होत नाही. ‘सोडतो’ म्हणताना माणूस चार इंच उंच होतो. कंपनी त्यांना ठेवत नाही, ते कंपनीला ठेवतात असं वाटतं, आणि सकाळच्या बसला नाशिक फाट्यावर ताटकळणं सुसह्य होतं. खरोखर सोडलं तर हे वाक्य उद्यापासून कुठे म्हणायचं? नव्या कंपनीत पहिल्या दिवशी तर म्हणता येत नाही.

शिवाय त्यांच्या राजीनाम्याचं चीज झालं नाही असंही नाही. ते पत्र फार सुरेख आहे. बारा वर्षं घासून घासून त्यातला राग गेला, टोमणे गेले, ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी’ हे योग्य जागी बसलं, नोटीस पिरियडचं वाक्य वकिलालाही खोट काढता येणार नाही असं झालं. कुणाला पेपर टाकायचे असले की तो आधी सोडोबांकडे येतो. क्वालिटीचा पोरगा त्या पत्रावर तळेगावला गेला, तीस टक्के वाढीवर. डिझाइनची मुलगी हिंजवडीला. टूलरूममधले दोघे एकाच दिवशी गेले, तेव्हा दोन्ही पत्रं शब्दशः सारखी असल्याचं साहेबांच्या लक्षात आलं, पण त्यांना वाटलं हा कायदेशीर नमुनाच असतो. प्रत्येक निरोपाला सोडोबा शंभर रुपये वर्गणी देतात, भाषण करतात, आणि जाणाऱ्या ट्रेनीलासुद्धा सांगतात, “रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय केक कापू नकोस.”

यंदाच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी एचआर मॅनेजर त्यांच्या टेबलाशी घुटमळले. हेच ते गृहस्थ, जे गेली सहा वर्षं दर एप्रिलात ‘मॅनेजमेंटने तुमच्या योगदानाची नोंद घेतली आहे’ असं सोडोबांना लिहून देतात.

“सर, दोन मिनिटं. ते तुमच्याकडे एक ड्राफ्ट आहे म्हणतात...”

सोडोबांनी आश्चर्य दाखवलं नाही. फोल्डर उघडला, नाव बदललं, ‘परचेस’ खोडून ‘एचआर’ टाकलं, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला. मग शेवटच्या दिवसाच्या तारखेपाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून त्या एचआर मॅनेजरला म्हणाले, “घाई करू नका. एप्रिल जाऊ दे. यंदा इन्क्रिमेंट होणार असं ऐकतोय.”