मळखाऊ एरिया

परवा सोसायटीच्या सभेत जिन्याखालच्या कपाटाचा विषय निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "तो जरा ग्रे एरिया आहे." कपाट तपकिरी आणि सेक्रेटरींच्याच मालकीचं. आग लागली तर पळायला वाट उरत नाही, एवढाच काय तो मुद्दा. पण 'ग्रे' म्हटल्याबरोबर सभा एकदम समजूतदार झाली आणि चहा आला.

मराठीत या रंगाची अशी सोय कधीच नव्हती. आपला करडा म्हणजे रंगांमधला हेडमास्तर. करडी शिस्त, करडी नजर, करडा आवाज! तोच रंग इंग्रजीतून आला की कणा काढून येतो. करड्याला माणसं टरकायची, ग्रेच्या आडोशाला उभी राहतात.

करडी नजर आता वर्तमानपत्रांत तेवढी उरली आहे. थर्टी फर्स्टला पोलिसांची, बोर्डाच्या परीक्षेत भरारी पथकाची, निवडणुकीत आयोगाची. बातमीत ती रोखलेली असते. पुढे कुठे पडली, हे सहसा छापून येत नाही.

ग्रेची मात्र चलती आहे. खलनायक करणारा नट मुलाखतीत म्हणतो, "माझ्या भूमिकेला ग्रे शेड्स आहेत." पडद्यावर त्याने नुकतेच दोन खून पाडलेले असतात. आयपीओचे शेअर बाजारात यायच्या आधीच त्यांचा सौदा करणारं ग्रे मार्केट तर दलाल स्ट्रीटच्याही बाहेर, निव्वळ तोंडच्या शब्दावर चालतं. ना पावती, ना सेबीचा आधार. तरी तिथला प्रीमियम रोज सकाळी आमच्या मेव्हण्याच्या मोबाइलवर पंचांगासारखा हजर. दहशतवादाच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने २०१८ च्या जूनमध्ये पाकिस्तानला घातलं, तेही ग्रे यादीत. २०२२ च्या ऑक्टोबरात बाहेर काढलं. काळी यादी होती, पण तिथवर गाडी गेली नाही.

नवरात्राच्या नऊ रंगांतही याची वर्णी लागली आहे. वार शनिवार. म्हणजे नेमका पुष्कळ ऑफिसांच्या सुट्टीचा, त्यामुळे ग्रे साडीचा फोटो घरच्या गॅलरीतच काढावा लागतो. आमची आजी या रंगाच्या लुगड्याला पारवं म्हणायची. पारवा म्हटलं की कबुतराच्या मानेवरची चमकसुद्धा दिसते. ग्रे म्हटलं की सिमेंट दिसतं.

इमानदार ग्रे मला एकच भेटला, इचलकरंजीत. तिथे आणि भिवंडीत यंत्रमागावरून नुकत्या उतरलेल्या कापडाला 'ग्रे' म्हणतात. ते ना ब्लीच केलेलं, ना रंगवलेलं. अंगातली खळसुद्धा गेलेली नसते. रंग म्हणाल तर पिवळट पांढरा. करड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शब्दाचं मूळ फ्रेंच 'ग्रेज', म्हणजे कच्चं. ज्याला अजून धुवायचं आहे, ते ग्रे. व्यापारी हे न लाजता सांगतो आणि भावही तसाच लावतो. बाकीचे ग्रे धुऊन आल्यासारखे बोलतात.

तर सभेचं इतिवृत्त मराठीत लिहायचं होतं. "तुम्ही पेपरात लिहिता ना, 'ग्रे एरिया'ला शब्द सुचवा," सेक्रेटरी म्हणाले. शाळेची पँट घेताना आई दुकानदाराकडे हमखास मागायची तो शब्द मला आठवला. मळ दिसायचाच नाही, आठवडाभर खुशाल घाला. मी म्हटलं, "लिहा, मळखाऊ जागा."

त्यांनी लिहिलं. मग चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं, खोडलं आणि वर बारीक अक्षरात घातलं, 'विषय पुढील सभेपर्यंत स्थगित.' कपाटाला काल कुलूप आलं.