झिरोपेक्षा कमी

नानांना झाड दाखवलं की ते आधी उंची बघतात, मग दोरी अडकवायला फांदी. आंब्याला मोहर आलाय की नाही, हा गौण मुद्दा. नाना हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत, आणि तेही पाच वॅटवाले. देवघरातला जुना झिरोचा बल्ब दहा-पंधरा वॅट खायचा. नाना त्याहून कमी विजेत चेन्नई गाठतात. काकू म्हणतात, "त्यापेक्षा फोन करावा."

पाच वॅटांत थेंबही सांडून चालत नाही. म्हणून तार निवडणं हे नानांना स्थळ बघण्याइतकंच गंभीर काम. पहिलं स्थळ डायपोलचं. मधोमध तोडलेली वीस मीटर तार, सात मेगाहर्ट्झला चपखल, घराणं सोज्वळ. पण मध्यावर लोंबणारी केबल तार टांगायच्या काठीला कंबरेत वाकवते. दुसरं, हाताला लागेल त्या लांबीची तार. पण तिच्या पाठोपाठ ट्यूनर आला, तोही खाणारा. शेवटी पसंत पडली टोकाला जोडायची अर्ध्या तरंगाची तार. लांबी तीच वीस मीटर; एका टोकाला ४९ : १ ट्रान्सफॉर्मर, दुसरं टोक झाडावर. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, चारही मेगाहर्ट्झना चालते. ट्रान्सफॉर्मरही थोडं खातोच. नाना म्हणतात, "मध्यस्थ म्हटला की दलाली आलीच."

"मग दहा वॅट का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"दुप्पट केलेस तरी समोरच्याच्या मीटरचा काटा अर्धं घर हलतो. तार वर चढव!"

परवा पानशेतला सहलीला गेलो. आम्ही वांगी-भाकरी सोडतोय, नाना पाण्याची बाटली दोरीला बांधून फांदीवर भिरकावतायत. तिसऱ्या फेकीला बाटली शेजारच्यांच्या ताकात पडली. मग गळाची लांब काठी निघाली. तिच्यावर तार चढवून, कानाला हेडफोन लावून नाना तासभर टकटक करत बसले.

धरणाकडून येणाऱ्या एकाने काठी बघून विचारलं, "लागलं का काही?"

"लागला ना! चेन्नईचा!"

काकूंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, ऐकू येतंय."

"आणि तुम्ही?"

"मीही म्हटलं, ऐकू येतंय."

तेव्हा तार कुठली घ्यावी, असं नानांना विचाराल तर तासभर मोकळा ठेवा. घाई असेल तर उत्तर एवढंच: वीस मीटर घ्या आणि जमेल तितकी उंच बांधा. ताक मात्र झाकून ठेवा.