पुट्टीसम्राटास अनावृत पत्र

श्रीमान कारागीर महाशयांस,



आपली प्रत्यक्ष भेट नाही. होडी माझ्याकडे आली तेव्हा आपण काम उरकून, पैसे घेऊन केव्हाच निघून गेला होता. तरी आपला हात मला आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. तोंडाला फडकं बांधून, ग्राइंडर हातात धरून, आपण जे जे झाकलंत ते मी इंचाइंचाने उघडं करतो आहे.

पत्रास कारण, होडीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. फायबरच्या होडीत सगळ्यात जास्त सोसायचं ते हिने. चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन सत्तर किलो किंवा त्याहूनही जास्त भरतं. ते हिच्यावर टांगलेलं. पंखा पाणी मागे लोटतो आणि होडी पुढे जाते, तो सगळा जोरही हिच्याच अंगावर. म्हणून आत प्लायचा गाभा आणि आतून-बाहेरून फायबरचे थर, असं तिघांचं मिळून एकच अंग करायचं असतं. आपण या तिघांना शेजारी ठेवलंत, पण एकमेकांशी बोलू दिलं नाहीत.

इंजिन उतरवून फळीवर सरळ पट्टी आडवी धरली. मधे खळगा, डावीकडे फुगवटा. जाडी मोजली तर एका टोकाला ३८ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ४६. अशा फळीवर इंजिनाचा एक पेच घट्ट बसतो आणि दुसरा नुसता टेकतो. इंजिन तिरकं राहतं आणि होडी एका अंगाला ओढते. आधीचे मालक म्हणायचे, ‘आमच्या खाडीलाच ओढ आहे.’ बिचारी खाडी! आपल्यापायी तिने इतकी वर्षं बोल खाल्ले.

ही किमया आपण कशी साधलीत, तेही आता उलगडलं आहे. जुना कुजलेला गाभा कोरून काढला की बाहेरचा फायबरचा पत्रा एकटा पडतो आणि लवतो. अशा वेळी त्याला बाहेरून सरळ, जाड रिपांचा आधार द्यावा लागतो. रिपांना पैसे पडतात, म्हणून आपण पत्र्याला स्वातंत्र्य दिलंत. मग नवा प्लाय आत सारून दोन कोपरे शिकंज्यांनी आवळलेत आणि मधला भाग देवावर सोडलात. उरलेल्या पोकळीत पॉलिएस्टर रेझिन एकाच दमात ओतलंत. कॅटलिस्ट शंभर भागांत एक-दोन भाग पुरतं; आपला हात दानशूर. जाड थर तापला, करपला, तडकला. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसतं, तसं ते आकसलं आणि जाता जाता पत्र्यालाही आत ओढून गेलं. खळग्याचा जन्म असा झाला.

प्लायबद्दल काय बोलावं! मरीन प्लायसाठी भारतीय मानक आयएस ७१० आहे. आपण वापरलेला नग बैठकीतल्या शोकेससाठी जन्माला आला असावा. बोट लावलं की त्याचे पदर कांद्यासारखे सुटत गेले. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून, एपॉक्सीने भरून, त्यात पुन्हा मापाचं भोक पाडायचं असतं, म्हणजे पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. आपण भोकं कोरडी ठेवलीत आणि खाऱ्या पाण्याला कायमचं बिऱ्हाड करून दिलंत. अतिथी देवो भव!

आणि मग पुट्टी. खळग्यात बोटभर जाडीची पुट्टी! पुट्टी रूप देते, बळ देत नाही. तिच्यात काचेचा धागा नसतो. बोल्ट आवळला की ती चिरडते, चिरेतून पाणी शिरतं. त्यावर आपण निळा रंग चढवलात. रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या फळीत टिकलेली तेवढी एकच वस्तू.

पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि डागडुजीची वेळ नेमकी हवेला ओल असताना येते. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. म्हणून ताडपत्रीखाली सगळं आधी वाळवून घेतलं. आता बाहेरच्या पत्र्याला रिपा आवळल्या आहेत. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात अशा दोन दोऱ्या ताणल्या. मधोमध एकमेकींना जेमतेम स्पर्श झाला, तर फळीला पीळ नाही असं समजायचं. या युक्तीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. दोरी तर आपल्याकडेही असणार. अठरा मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय, कडा एपॉक्सीने बंद केलेल्या, मधून सुरुवात करून कडांकडे सारखे दाबत नेलेले. नवा फायबर जुन्याला जिथे मिळतो तिथे जाडीच्या बारापट लांब उतार घासलेला, म्हणजे जोड एका रेषेत उखडत नाही. पुट्टी सगळ्यात शेवटी, कागदाएवढी.

हे काम अवघड नाही, महाशय. ते फक्त झाकता येत नाही. वाकडी फळी एखाद्या नवशिक्याकडूनही होते. तो ती दाखवतो आणि विचारतो. आपण मापलं असणार, वाकडेपणा दिसलाही असणार, आणि मग आपण रंगाचा डबा उघडलात. समुद्रात अर्ध्या वाटेवर फळी सुटली असती, तर होडीत आपण नव्हे, दुसरं कुणी असतं. माझा राग आहे तो एवढ्यासाठी.

वाचकहो, जुनी फायबरची होडी घेत असाल तर इंजिन उतरवायला लावा. हातोडीच्या दांड्याने फळी ठोका. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर आत पाणी असू शकतं. इंजिन पुन्हा चढवून, वर उचलून, त्याच्या खालच्या टोकावर भार द्या. फळी हलली तर पाठ फिरवा. शेवटी सरळ पट्टी लावा. पैसे त्यानंतर मोजा.

आपला,
आपली पुट्टी खरवडणारा